चंडीगडची रचना: अंतिम शब्द कोणाचा?

पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाच्या चंडीगड येथील इमारतीत न्यायकक्ष क्रमांक एकसमोर व्हरांडा बांधावा, असा आदेश त्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. चंडीगड प्रशासनाने या आदेशाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. ही इमारत ल कॉर्ब्युझिए यांनी रचलेल्या कॅपिटॉल संकुलाचा भाग असून जुलै २०१६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळे असे बांधकाम वारशाला बाधा आणील, असे प्रशासनाचे म्हणणे होते. २८ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा आदेश कायम ठेवला. न्यायकक्ष क्रमांक दोन ते नऊ यांच्यासमोर व्हरांडा पूर्वीपासून आहे. नवा व्हरांडा त्याच ओळीत येणार होता.

पक्षकारांना आणि वकिलांना ऊनपावसापासून आडोसा मिळावा, एवढीच मूळ मागणी होती. तिचा निर्णय होण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत जावे लागले. अनेकांनी मिळून घडवलेल्या रचनेत अंतिम शब्द कोणाचा, हे चंडीगडमध्ये पहिल्या दिवसापासून पुरते ठरलेले नव्हते, हे त्यामागचे कारण.

हाच प्रश्न मुक्तस्रोत, म्हणजे ओपन सोर्स, पद्धतीने काम करणाऱ्या स्वयंसेवी रचनागटांपुढे नेहमी उभा असतो. संगणकाच्या पडद्यावरील खिडक्यांची मांडणी, चिन्हे, देवनागरीचे फाँट अशा गोष्टी ठिकठिकाणची माणसे फावल्या वेळात मिळून घडवतात. त्यांतील बहुतेकांना वेतन नसते, हुकूम देणारा वरिष्ठ नसतो आणि तयार झालेले काम कोणालाही घेऊन बदलता येते. चंडीगडचे रचनाकार पगारी होते आणि त्यांचे काम सरकारी होते, हा फरक लहान नाही. मात्र नेता दूरदेशी, राबणारे जागेवर आणि एकच रचना अनेकांच्या हातून चाललेली, ही स्थिती दोन्हीकडे सारखी आहे. चंडीगडच्या बाबतीत तिचे परिणाम पाऊणशे वर्षांच्या अंतरावरून पाहता येतात.

पहिला आराखडा आणि दुसरा

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेल्यावर भारतातील पंजाबला नवी राजधानी हवी होती. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याची जागा १९४८ मध्ये निवडण्यात आली. नगररचनेचे पहिले काम अमेरिकेतील आल्बर्ट मेयर यांच्याकडे सोपवले गेले. त्यांच्यासोबत मॅथ्यू नोव्हित्स्की हे पोलंडमध्ये घडलेले तरुण वास्तुरचनाकार होते. पंख्यासारखा पसरणारा, वळणदार रस्त्यांचा आराखडा या दोघांनी तयार केला. ३१ ऑगस्ट १९५० रोजी भारतातून परतताना इजिप्तमध्ये झालेल्या विमान अपघातात नोव्हित्स्की यांचा मृत्यू झाला. जागेवर राहून इमारती उभ्या करण्याची जबाबदारी त्यांच्यावर येणार होती. मेयर यांनी त्यानंतर एकट्याने ते काम पुढे नेले नाही.

प्रशासक पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा हे मग पर्यायाच्या शोधात युरोपात गेले. लंडनमध्ये मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू या वास्तुरचनाकार दांपत्याने ल कॉर्ब्युझिए यांचे नाव सुचवले. पॅरिस सोडून भारतात राहण्यास ल कॉर्ब्युझिए यांनी नकार दिला. अखेर असे ठरले की त्यांनी पंजाब सरकारचे सल्लागार व्हावे आणि वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी सुमारे एक महिना चंडीगडला यावे. त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे, तसेच फ्राय आणि ड्रू यांनी मात्र तीन वर्षे प्रत्यक्ष मुक्काम करावा.

या करारातच पुढच्या सगळ्या घडामोडींचे बीज आहे. नाव एकाचे, मुक्काम दुसऱ्यांचा आणि तिजोरी तिसऱ्यांची, अशी सत्तेची वाटणी त्यात झाली. थापर आणि वर्मा यांना इतिहासाच्या पुस्तकांत दोन ओळींपेक्षा अधिक जागा क्वचित मिळते. वास्तविक रचनाकार कोण असावा, पैसा किती आणि कधी, कोणती इमारत आधी, हे त्यांच्या पातळीवर ठरत होते.

फेब्रुवारी १९५१ मध्ये सिमल्याच्या वाटेवरील एका विश्रामगृहात ही मंडळी एकत्र आली. अवघ्या चार दिवसांत नव्या आराखड्याची मुख्य रेषा निश्चित झाली. फ्राय यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींनुसार पेन्सिल ल कॉर्ब्युझिए यांच्या हातात होती. मेयर थोडे उशिरा पोहोचले आणि त्या प्रभावी व्यक्तिमत्त्वापुढे त्यांचे फारसे चालले नाही. वळणदार रस्ते सरळ झाले. मेयर यांचे स्वयंपूर्ण वस्तीचे तत्त्व मात्र टिकले; ते सुमारे ८०० बाय १,२०० मीटरच्या ‘सेक्टर’च्या रूपाने आले. चंडीगडचे सेक्टर ही ल कॉर्ब्युझिए यांची देणगी मानली जाते. तिच्यातील मेयर यांचा वाटा सहसा सांगितला जात नाही.

चार दिवसांत निर्णय झाला याचे कौतुक होते आणि ते योग्यही आहे, कारण निर्वासितांनी भरलेल्या प्रांताला वेळ नव्हता. पण ज्यांचे काम बदलायचे त्यांची बाजू ऐकली जाण्यापूर्वी रेषा ओढली गेली, हेही तितकेच खरे.

मुक्कामी माणसांचे शहर

कामाची वाटणी लवकरच स्पष्ट झाली. शहराचा मुख्य आराखडा, उच्च न्यायालय, सचिवालय आणि विधानसभा असलेले कॅपिटॉल संकुल, तसेच शहराच्या मध्यवर्ती भागाचे स्वरूप ही ल कॉर्ब्युझिए यांची कामे. घरे, शाळा, दवाखाने, दुकाने, महाविद्यालये हे सारे मुक्कामी चमूकडे. म्हणजे चंडीगडचा रहिवासी ज्या भिंतींमध्ये जन्मतो, शिकतो आणि संसार करतो, त्यांतील बहुतेक भिंती ल कॉर्ब्युझिए यांनी रेखाटलेल्या नाहीत. कॅपिटॉल संकुल उघड्या काँक्रीटचे आहे. घरांसाठी तो खर्च परवडणारा नव्हता, म्हणून ती स्थानिक विटांची झाली. शहराच्या वस्त्यांचा जो चेहरा आज ओळखीचा आहे, तो या काटकसरीतून घडला.

सरकारी नोकरांच्या घरांच्या प्रथम १३ श्रेणी होत्या, पुढे १४ झाल्या. मंत्र्यापासून शिपायापर्यंत प्रत्येक श्रेणीचा खर्च सरकारने ठरवून दिला होता. त्या मर्यादेत जानरे, फ्राय आणि ड्रू यांनी वेगवेगळे नमुने तयार केले. घराच्या नमुन्याला श्रेणीचा आकडा आणि त्यापुढे रचनाकाराच्या नावाचे अक्षर, अशी ओळख देण्याची पद्धत होती. एका मोठ्या सरकारी प्रकल्पात कर्तृत्वाची नोंद इतक्या साधेपणाने राखली गेली, हे उल्लेखनीय आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॉक्युमेंटिंग चंडीगड’ या ग्रंथात किरण जोशी यांनी या तिघांच्या कामाची तपशीलवार नोंद केली. तोवर सामान्य वाचकाला हे वाटप फारसे ठाऊक नव्हते.

या चमूत भारतीय तरुण होते: एम. एन. शर्मा, यूली चौधरी, आदित्य प्रकाश, जीत मल्होत्रा, बी. पी. माथुर, ए. आर. प्रभावळकर, जे. एस. देठे, एन. एस. लांबा, पिलू मोदी. पिलू मोदी पुढे संसदेतील हजरजबाबी खासदार म्हणून गाजले. त्याच काळात मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयात शिकलेले बाळकृष्ण दोशी ल कॉर्ब्युझिए यांच्या पॅरिसच्या कचेरीत काम करत होते. पॅरिसहून मुख्य रेखाटने येत आणि बांधकामाचे नकाशे चंडीगडच्या कचेरीत तयार होत. मधल्या काळात अडचण उभी राहिली, तर पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत गवंडी थांबू शकत नसे. असे असंख्य लहान निर्णय जागेवरच घेतले गेले.

फ्राय आणि ड्रू १९५४ पर्यंत परतले. जानरे थांबले. तीन वर्षांसाठी आलेला हा माणूस १९६५ पर्यंत चंडीगडमध्ये राहिला आणि मुख्य वास्तुरचनाकार झाला. पंजाब विद्यापीठातील गांधी भवन ही त्यांची रचना. डिसेंबर १९६७ मध्ये जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थी १९७० मध्ये सुखना तलावात विसर्जित करण्यात आल्या. सेक्टर ५ मधील त्यांचे राहते घर २०१७ पासून संग्रहालय आहे.

ल कॉर्ब्युझिए आणि जानरे यांच्यातील तुलना अनेकदा थोरला प्रतिभावंत आणि धाकटा सहायक अशी केली जाते. ती अपुरी आहे. ल कॉर्ब्युझिए यांचा अधिकार मोजक्या मोठ्या प्रश्नांवर होता आणि तिथे तो जवळजवळ निरंकुश होता. जानरे यांचा अधिकार हजार बारीक प्रश्नांवर होता आणि तो रोज कामावर हजर राहण्यातून आला होता. ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व महाराष्ट्राला जुन्या काळापासून परिचित आहे. रचनेच्या कामातही कसणाऱ्याकडे हक्क सरकत जातो. कागदावर त्याची नोंद मात्र उशिरा होते, किंवा होतच नाही.

वापरणाऱ्यांचा आवाज या व्यवस्थेत क्षीण होता. उच्च न्यायालयाचे उद्घाटन मार्च १९५५ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. त्यानंतर थोड्याच काळात ऊन आणि पाऊस यांबद्दल तक्रारी सुरू झाल्या. न्यायकक्षांत आवाज घुमू नये म्हणून लावलेले भव्य भित्तिपटही काही न्यायमूर्तींच्या पसंतीस उतरले नाहीत. नेहरूंनी प्रकल्पाची पाठराखण केली, पण तीही आंधळेपणाने नव्हे. संकुलाच्या शिखरस्थानी योजलेले राज्यपालांचे निवासस्थान लोकशाहीला शोभणारे नाही, असे त्यांचे मत पडले आणि ते कधी बांधले गेले नाही. ल कॉर्ब्युझिए यांचा शब्द ज्या थोड्या ठिकाणी मागे घ्यावा लागला, त्यांतील हे सर्वांत मोठे उदाहरण.

मतदान, माघार आणि फाटा

स्वयंसेवी मुक्तस्रोत गटांत तिजोरीची सत्ता बहुधा दुबळी असते. तिच्या जागी दुसरी शक्ती उभी राहते: न पटल्यास काम घेऊन वेगळे होण्याचा हक्क. मूळ प्रवाहातून असा फाटा फुटला की दोन्ही रचना वापरात राहतात आणि कोणती टिकणार हे वापरणारे ठरवतात.

संगणकाच्या पडद्याची मांडणी करणाऱ्या ग्नोम प्रकल्पाने २०११ मध्ये तिसरी आवृत्ती काढली तेव्हा नेमके हेच घडले. रचनागटाने जुनी मांडणी मोडून नवी आणली. अनेक वापरकर्त्यांना ती रुचली नाही. जुन्या आवृत्तीच्या आधारे ‘माते’ हा वेगळा प्रकल्प सुरू झाला आणि लिनक्स मिंटच्या मंडळींनी ‘सिनॅमन’ उभा केला. ग्नोम आपल्या वाटेने गेला. कोणाला न्यायालयात जावे लागले नाही. मात्र मनुष्यबळ विभागले गेले आणि तीच कामे तीन ठिकाणी करावी लागली; फाट्याचा हक्क फुकट मिळत नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१० मध्ये, उबुंटूच्या रचनागटाने खिडकी बंद करण्याची बटणे उजवीकडून डावीकडे नेली. विरोध मोठा होता. संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी भूमिका घेतली की अभिप्राय आणि माहिती हवी आहे, पण रचनेच्या निर्णयावर मतदान होणार नाही. बटणे डावीकडेच राहिली आणि २०१७ मध्ये उबुंटू पुन्हा ग्नोमकडे वळल्यावर ती उजवीकडे परतली. उबुंटूमागे कंपनी आहे, हे इथे लक्षात घ्यावे लागते. निव्वळ स्वयंसेवकांच्या गटात अशी भूमिका इतकी वर्षे टिकवणे कठीण गेले असते.

डेबियन या प्रकल्पाने उलट मार्ग पत्करला. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाने १९९८ मध्ये स्वतःची घटना स्वीकारली. तिच्यानुसार नेता दरवर्षी निवडला जातो आणि सदस्य ठराव करून नेत्याचा निर्णय फिरवू शकतात. पायथन या संगणकभाषेत अंतिम शब्द दीर्घकाळ तिचे जनक गिदो फान रोसम यांचा होता. एका लहानशा भाषिक रचनेवरून झालेल्या कडवट वादानंतर जुलै २०१८ मध्ये त्यांनी ही जबाबदारी सोडली. २०१९ पासून पाच जणांचे निवडून आलेले मंडळ ती सांभाळते. दोघांची तुलना केली तर असे दिसते की घटना लवकर लिहिणाऱ्या गटाला नेता बदलण्याची सवय आधीच लागलेली असते. दुसऱ्याला ती संकटाच्या वेळी शिकावी लागते.

मराठी वाचकाच्या रोजच्या डोळ्यांसमोरचे उदाहरण फाँटचे आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले ‘लोहित’ हे फाँट रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले. आरंभी हिंदी, मराठी अशा भाषांसाठी वेगवेगळे फाँट होते. नंतर ते एकाच देवनागरी फाँटमध्ये एकत्र करण्यात आले. मग पाकळीचा ल आणि देठाचा श यांचे काय, हा प्रश्न आला. मजकुराची भाषा मराठी असल्याची खूण असेल तर ही दोन अक्षरे मराठी वळणाने दिसावीत, अशी सोय फाँटमध्येच ठेवण्यात आली. फाँट एक राहिला आणि मराठी वळण पुसले गेले नाही. निर्णय लहान, पण प्रत्येक ओळीत दिसणारा. असे निर्णय सभा भरवून बहुमताने होत नाहीत. ज्याला अडचण जाणवते आणि जो ती दुरुस्त करून दाखवतो, त्याचे म्हणणे बहुधा मान्य होते.

आराखड्याबाहेरची बाग

चंडीगडच्या अधिकृत रचनेत फाटा फुटण्याची सोय नव्हती. तरीही एक फाटा फुटला, तोही कॅपिटॉल संकुलाच्या शेजारी, बांधकामास बंदी असलेल्या रानात.

नेकचंद सैनी हे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. शहरासाठी हटवलेल्या गावांचा राडारोडा, फुटक्या कपबशा, बांगड्यांचे तुकडे, नदीपात्रातील दगड ते सायकलीवरून आणत. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून नोकरीनंतरच्या वेळात त्यांनी गुपचूप एक बाग उभी केली. वेतन नाही, आदेश नाही, कागदावर आराखडाही नाही. शिवाय हे सारे सरकारी जमिनीवरचे अतिक्रमण होते.

एम. एन. शर्मा हे जानरे यांच्यानंतर १९६५ मध्ये मुख्य वास्तुरचनाकार झाले होते. नेकचंद यांनी १९६९ मध्ये त्यांना ही बाग दाखवली. आराखड्याचे रक्षण करणे हे शर्मा यांचे कर्तव्य आणि आराखड्यानुसार बाग पाडणे भाग होते. त्यांनी नेकचंद यांना काम गुपचूप चालू ठेवण्यास सांगितले. चंडीगडच्या इतिहासातील हा कदाचित सर्वांत शहाणा प्रशासकीय निर्णय असेल, आणि तो कोणत्याही फायलीवर लिहिण्यासारखा नव्हता. पुढे बाग उघडकीस आली, वाद झाले आणि १९७६ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. नेकचंद यांना पगार आणि मदतनीस देऊन सरकारने त्याच कामावर नेमले. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

१९९० च्या सुमारास बागेच्या एका भागावर बुलडोझर आले, तेव्हा नागरिकांनी मानवी साखळी करून ते अडवले. १९९६ मध्ये नेकचंद परदेशात असताना कर्मचारी काढून घेतले गेले आणि बागेची नासधूस झाली. त्यानंतर १९९७ मध्ये लंडनमध्ये नेकचंद फाउंडेशनची स्थापना झाली. तिच्यामार्फत आलेल्या परदेशी स्वयंसेवकांनी बागेच्या भिंतींवर तुकड्यांची नक्षी बसवण्याचे काम केले. इथे मोकळा सहभाग होता, पण रचनेचा अंतिम शब्द नेकचंद यांचाच होता; स्वयंसेवकांनाही ते मान्य होते. १२ जून २०१५ रोजी नेकचंद यांचे निधन झाले. एकाच माणसाच्या डोक्यात असलेला आराखडा त्याच्यामागे कोणी चालवायचा, हा प्रश्न तेव्हापासून अधिक टोकदार झाला. मार्च २०२५ च्या सुमारास उच्च न्यायालय परिसरातील वाहनतळ आणि रस्ता रुंदीकरणासाठी बागेच्या भिंतीचा काही भाग पाडण्यात आला. नागरिक पुन्हा रस्त्यावर आले. या वेळी भिंत वाचली नाही.

गोठवलेला आराखडा

शहराचा अधिकृत आराखडा टिकवण्यासाठी १९५२ मध्येच दोन कायदे झाले. एकाने राजधानीतील बांधकामाचे नियमन केले, दुसऱ्याने शहराभोवतीच्या पट्ट्यातील. दुकानांच्या दर्शनी भागापासून घरांच्या कुंपणापर्यंत काय चालेल हे तक्त्यांनी ठरवून दिले. ल कॉर्ब्युझिए यांनी नागरिकांसाठी एक ‘फर्मान’ लिहून शहराच्या मूळ कल्पना जपण्याचे आवाहनही केले. २७ ऑगस्ट १९६५ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९६६ रोजी, पंजाबची पुनर्रचना होऊन चंडीगड केंद्रशासित प्रदेश बनले. रचनाकार गेले आणि मालकही बदलला. मूळ रचनेत बदल सुचवण्याचा हक्क कोणाचा, हे सांगणारा माणूस उरला नाही. नियम तेवढे उरले.

पहिल्या टप्प्यातील १ ते ३० हे सेक्टर दीड लाख लोकवस्तीसाठी योजलेले होते. जमिनीचे भाव वाढले तसे तिथल्या स्वतंत्र बंगल्यांचे मजल्यागणिक हिस्से विकले जाऊ लागले. १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यास मनाई केली. मूळचे अमरावतीचे आणि पुढे सरन्यायाधीश झालेले न्या. भूषण गवई यांनी हा निकाल लिहिला, न्या. बी. व्ही. नागरत्ना त्यांच्यासोबत होत्या. पहिल्या टप्प्यात लोकवस्ती वाढवण्याचा प्रश्न आधी वारसा संवर्धन समितीने विचारात घ्यावा, असे न्यायालयाने सांगितले. वारसा जपला जातो हे खरे. पण वाढत्या कुटुंबाचे काय, हा व्यवहारी प्रश्न समित्या आणि न्यायालये यांच्याकडे सोपवला गेला आहे. रहिवाशांना रचनेत भाग घेण्याचा सरळ मार्ग अद्याप नाही.

खुर्ची कोणाची?

कर्तृत्वाची नोंद नसली की काय होते, हे चंडीगडच्या खुर्च्यांनी दाखवले. नव्या कचेऱ्या, वाचनालये, वसतिगृहे यांना लागणारे सागवानी आणि वेताचे सामान याच चमूने रेखाटले आणि ते स्थानिक सुतारांनी बनवले. यूली चौधरी यांचा या कामात मोठा वाटा होता. ल कॉर्ब्युझिए यांच्याशी फ्रेंचमध्ये बोलू शकणाऱ्या मोजक्या भारतीय सहकाऱ्यांपैकी त्या एक होत्या आणि पुढे चंडीगड, हरियाणा व पंजाब या तिन्ही प्रशासनांत त्यांनी मुख्य वास्तुरचनाकार म्हणून काम केले.

जुने झालेले हे सामान सरकारी खात्यांनी भंगाराच्या भावात लिलावात काढले. युरोपातील व्यापाऱ्यांनी ते उचलले आणि दुरुस्त करून पॅरिस, न्यूयॉर्कच्या लिलावांत मोठ्या किमतीला विकले. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा वस्तूंच्या विक्रीवर बंदी घातली. शहरातील १२,७९३ वस्तूंची वारसा म्हणून नोंद झाली. परदेशातील लिलाव मात्र थांबले नाहीत. पुरावस्तूंविषयीचा १९७२ चा कायदा अशा सामानाला शंभर वर्षांनंतर लागू होतो आणि चंडीगडच्या खुर्च्यांना तितकी वर्षे झालेली नाहीत.

आकाराच्या मालकीचे काय? भारतात नोंदणी केलेल्या औद्योगिक रचनेलाही जास्तीत जास्त १५ वर्षे संरक्षण मिळते. त्यामुळे या खुर्चीची नक्कल आज देशोदेशी खुलेआम तयार होते. एका अर्थाने ती मुक्तस्रोत रचनाच झाली आहे. पण मुक्त परवान्यांत बहुधा एक अट असते: कोणीही वापरा, बदला, विका, मात्र घडवणाऱ्याचे नाव कायम ठेवा. मुक्तस्रोत प्रकल्पात प्रत्येक बदलाबरोबर तो करणाऱ्याचे नाव आणि तारीख आपोआप नोंदली जाते, आणि भांडण झाले की तीच नोंद साक्षीला येते. चंडीगडच्या सामानाला अशी अट कधीच नव्हती. संग्राहक आणि व्यापारी वापरतात त्या सूचीतील बहुसंख्य क्रमांक ‘पीजे’ या पिएर जानरे यांच्या आद्याक्षरांनी सुरू होतात. मूळ खुर्च्यांवर पांढऱ्या रंगाने लिहिलेली अक्षरे अजून दिसतात. ती त्या त्या सरकारी खात्याची आणि नोंदवहीतील क्रमांकाची आहेत.